दादीनं सोडून दिलेली बोली

मी नर्स आहे. सतरा वर्षं झाली, त्यातली सहा आयसीयूत गेली. अमुक बेडजवळ सावली दिसते, लिफ्ट आपोआप वर येते... नव्या मुली असलं काही सांगायला लागल्या की मी त्यांना आधी नीट झोप काढा म्हणते. अंगात येणं, झपाटणं यावर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही आहे असं म्हणवत नाही. पण गेल्या फेब्रुवारीत, सकाळी अकराला, लख्ख उजेडात, चार माणसांसमोर जे झालं ते माझ्याच बाबतीत झालं. आता ते नाकारू तरी कसं?

त्यासाठी आधी माझ्या दादीबद्दल सांगावं लागेल. दादी म्हणजे वडिलांची आई.

दादी मूळची येमेनमधली, हद्रमौत नावाच्या खोऱ्यातली. सहा-सात वर्षांची असताना वडील आणि दोन भावांसोबत जहाजानं मुंबईला आणि तिथून रेल्वेनं औरंगाबादला आली. (तेव्हा औरंगाबादच होतं, म्हणून तसंच लिहिते.) वडील निजामाच्या अरबी पलटणीत शिपाई. सोळाव्या वर्षी तिचं इथल्याच एका हिमरू कापड विणणाऱ्याशी, म्हणजे माझ्या दादांशी, आजोबांशी, लग्न झालं आणि त्याच वर्षी पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य संपलं. नंतर अरबी शिपायांना गोळा करून परत पाठवण्यात आलं, त्यात तिचे वडील आणि दोन्ही भाऊ गेले. दादी इथं राहिली. त्यांची पुन्हा भेट नाही, पत्र नाही.

पुढं दादांचा माग बंद पडला, त्यांची नजरही अधू झाली. तेव्हा दादीनं हाताचं शिलाई मशीन डोक्यावर घेतलं आणि एसटी पकडली. फुलंब्री, कन्नड... जिथं आठवडी बाजार तिथं ही लिंबाखाली सतरंजी टाकून बसायची. बायकांनी कापड द्यायचं, बाजार करून यायचं, तोवर झंपर तयार. सगळे तिला अरबीण मावशी म्हणायचे. लहानपणी सुट्टीत मी तिच्याबरोबर जायची, काजं-बटणं करायची.

तिनं कधी टेप लावलेली मी पाहिली नाही. एकदा एक बाई वैतागून म्हणाली, "अवं मावशी, माप तर घ्या!"

"सरळ उभी राहा," दादी म्हणाली. "दिसतंय की मला. उजवा खांदा खाली आलाय तुझा, पाणी वाहून वाहून. तेवढं सांभाळून घेते."

त्या बाईच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिचा खांदा घरात कुणी पाहिलाच नसणार.

मराठी बोलणं ती बाजारात शिकली. वाचणं शिकली अब्बांच्या पहिलीच्या पुस्तकावरून, कारण बसची पाटी दुसऱ्याला विचारायला तिला आवडायचं नाही. मी नर्सिंगला जायचं म्हटलं तेव्हा अब्बांनी साफ नाही म्हटलं. दादीनं बुरखा चढवला, माझा हात धरला आणि रिक्षात बसवलं. कॉलेजच्या दारात उभी राहून पाटी वाचली, "प...रि...चा...रि...का. म्हणजे काय गं?"

"आजाऱ्याची सेवा करणारी."

"मग ह्यात लाजायचं काय?" संध्याकाळी अब्बांना तिनं एवढंच सांगितलं, "नाव घातलंय. उद्यापासून डबा लागंल."

अशी होती ती. कशालाच न घाबरणारी. फक्त एक गोष्ट मला कळत नसे. ती अरबी बोलायची नाही. कुराण वाचायची, ते तर आम्ही सगळेच वाचतो, पण बोलणं वेगळं. आमच्या शहरात येमेनची पुष्कळ मुलं शिकायला येतात. बाजारात ती शेजारी बोलत असली की दादी पिशवी उचलून पुढं व्हायची. विचारलं तर म्हणायची, "ती बोली गेली माझी." बस्स. त्यामुळं माझ्या कानावर तिच्या तोंडची अरबी कधी पडली नाही. त्या मुलांचं एक वाक्यही मला समजत नाही, हे मुद्दाम सांगते.

दादी जाऊन आता नऊ वर्षं झाली.

तर फेब्रुवारीत आमच्याकडं एक येमेनी म्हातारी आली. पित्ताशयाचं ऑपरेशन. तिचा मुलगा इथं शिकतो, तोच तिचा दुभाष्या. त्या सकाळी तो व्हिसाच्या कामाला गेला होता, तासाभरात येतो म्हणाला. ऑपरेशनची वेळ अलीकडं आली आणि आम्ही तिला न्यायला गेलो, तर तिनं आकांत मांडला. स्ट्रेचरवर यायलाच तयार नाही. तेच तेच शब्द ओरडते, बोटं तोंडाशी नेते. वॉर्डातली मावशी म्हणाली, "पाणी मागतीया. नाय मिळायचं आज्जी, ऑपरेशन हाय!" मुलाचा फोन लागेना. भूल देणाऱ्या मॅडम स्वतः वर आल्या, म्हणाल्या, घाबरलीय, घेऊन चला.

मी म्हातारीचा हात धरला. एवढं मला स्पष्ट आठवतं. तिचा हात गार होता.

त्यानंतरचं... कसं सांगू? बोलतेय हे मला कळत होतं. जिभेची हालचाल कळत होती, घशातून येणारे जड उच्चार जाणवत होते. पण ऐकू काही येत नव्हतं. म्हातारी एकदम शांत झाली, माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मग मी मॅडमकडं वळून मराठीत म्हणाले, "हिनं खाल्लंय. आठ वाजता, शेजारच्या बेडवाल्यांनी दिलेलं दूध आणि खजूर. पोट भरलेलं असताना भूल दिली तर मरशील, असं मुलानं बजावलं होतं म्हणते."

शेजारच्या बेडवरची बाई रडकुंडीला आली, "दिलं होतं हो मी... मला काय ठाऊक!"

ऑपरेशन थांबलं. भुलीत उलटी झाली असती तर काय झालं असतं, हे मला सांगायला नको. पण मी म्हातारीकडं परत वळले आणि बोलतच राहिले. किती वेळ, कुणास ठाऊक. भानावर आले तेव्हा ती माझा गाल कुरवाळत रडत होती आणि तिचा मुलगा दारात उभा होता.

"सिस्टर, आप हमारे गाँव की, हद्रमौत की बोली कैसे बोलते?" त्यानं विचारलं. "ये तो मेरी नानी के जमाने की है."

मला अरबी येत नाही म्हटलं, तर त्याचा विश्वास बसेना. मी काय बोलले ते त्यानं सांगितलं. भिऊ नकोस, मीसुद्धा जहाजातून आलेय, असं मी तिला म्हणाले होते. आणि मग, "परत जाशील तेव्हा सालेमला शोध. त्याला सांग, तू हाक मारलीस ती मी ऐकली होती."

कोण सालेम? मला माहीत नव्हतं.

ड्यूटी संपल्यावर घरी गेले. अब्बा अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी नाव सांगितलं आणि त्यांनी हातातली बशी खाली ठेवली.

सालेम दादीचा धाकटा भाऊ. अब्बा म्हणाले, ही गोष्ट तिनं फक्त त्यांना, तीही एकदाच सांगितली होती. शिपायांना ट्रकमध्ये बसवत होते तेव्हा ती बघायला गेली होती. ट्रकमधून सालेमनं तिला अरबीत हाक मारली. पहाऱ्यावरच्या भारतीय जवानानं तिला विचारलं, तू ह्यांच्यातली का? दोन महिने झाले होते लग्नाला. आपल्यालाही नेतील म्हणून ती इथल्या दखनी उर्दूत म्हणाली, "नक्को, मैं यहाँ की हूँ." आणि हाकेला ओ न देता मान फिरवली. ट्रक गेला. त्यानंतर ती त्या बोलीत बोलली नाही.

मला वाटायचं, दादी कशालाच घाबरायची नाही. सोळा वर्षांची ती मुलगी किती घाबरली असेल... आणि तरी पुढचं सगळं आयुष्य एवढ्या ताठ मानेनं जगली! माझ्या मनात ती आणखीच मोठी झाली.

म्हातारीचं ऑपरेशन दोन दिवसांनी नीट पार पडलं. जाताना तिनं मुलाकरवी सांगितलं, "मी शोधेन. तो नसला तर त्याच्या मुलांना सांगेन." अजून काही कळलेलं नाही.

मी त्यानंतर मोबाईलवर अरबी लावून पाहिलं. एक शब्द कळत नाही. लहानपणी दादी झोपेत बोलली असेल, ते मेंदूत राहिलं असेल, असं आमच्या डॉक्टर म्हणतात. असेलही. मग आमच्या स्टाफपैकी कुणालाच ठाऊक नसलेलं ते खजूर मला कुठल्या बोलीत समजलं?

त्या संध्याकाळी अब्बांनी मात्र हे काही विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "आवाज अम्मी की थी क्या?"

वॉर्डातल्या सगळ्यांनी तो आवाज ऐकला होता... मी सोडून.