भरतीवर चालणारं दार

सिंगापुरात पाणचक्की नाही. पाणचक्क्या बघायच्या म्हणून कुणी इथलं तिकीट काढणार असेल तर हे आधीच सांगितलेलं बरं. बेट सपाट आहे, नद्या आखूड आहेत, आणि चाक फिरवील इतक्या उंचीवरून इथे पाणी पडत नाही.

मी तेव्हाच्या औरंगाबादची. तिथल्या पाणचक्कीत लांबून खापराच्या नळांतून आलेलं पाणी खाली पडतं आणि त्यावर दगडी जातं फिरतं. शाळेच्या सहलीत ते पाहिलं आणि तेव्हापासून पाण्यावर चालणारी जुनी यंत्रं जिथे असतील तिथे जाऊन बघायची सवय लागली. नवरा, अविनाश, मरीन इंजिनिअर. त्यामुळे सोबत आयती मिळाली. लग्नाला चोवीस वर्षं झाली. त्यातली अकरा सिंगापुरात गेली, क्लेमेंटीच्या एका फ्लॅटमध्ये. या अकरा वर्षांत इथलं असं काही आम्ही शोधलं नव्हतं.

या वेळी शोधलं, कारण शनिवार-रविवार काढायचे होते. सोमवारी अविनाशची मेडिकल होती.

ती दर दोन वर्षांनी असते. बंदरात आलेल्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये तो उतरतो, कधी महिना-दीड महिना जहाजाबरोबर जातोही, म्हणून रक्त, छाती, डोळे आणि शेवटी कान तपासतात. कानांसाठी एका छोट्या बंद खोलीत हेडफोन लावून बसायचं. समोर काच. बारीक शिट्टी ऐकू आली की हातातलं बटण दाबायचं. मागच्या वेळी, काचेपलीकडे बसलेल्या बाईंच्या पाठीमागे भिंतीवर कसलंसं सर्टिफिकेट फ्रेम करून लावलं होतं. त्या फ्रेमच्या काचेत बाईंचं बोट दिसत होतं. त्यांनी दाबलं की अविनाश दाबायचा. त्याने हे घरी जेवताना सांगितलं. मी हसले. आमची मुलगी रेवा, तीही हसली.

त्यानंतरच्या दोन वर्षांत टीव्हीचा आवाज वाढत गेला. रेवा आता युनिव्हर्सिटीत आहे. दारातूनच काहीतरी सांगत ती घरात शिरते, उत्तर आलं नाही की "पपा, यू नेव्हर लिसन, लाह" असं इथल्या ढंगाच्या इंग्लिशमध्ये म्हणून खोलीत निघून जाते. अविनाश नुसतं हो हो म्हणतो. त्याची नोकरी गेली तर त्याचा पास, म्हणजे इथे राहायचा परवाना, जातो. माझा पास त्याच्या पासवर, रेवाचं शिक्षण त्याच्या पगारावर. याबद्दल आम्ही बोललो नव्हतो. शुक्रवारी त्याने पांढरा शर्ट इस्त्री करून हँगरला लावला आणि म्हणाला, "फ्रेम असेल अजून तिथे."

मी म्हटलं, उद्या सकाळी लवकर निघू.

शनिवारी सुंगेई बुलोह. क्लेमेंटीहून एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जुरोंग ईस्ट, तिथे गाडी बदलून क्रांजी, आणि क्रांजीहून ९२५ नंबरची बस. बस नेमकी कुठे सोडते ते वारावर अवलंबून असतं, म्हणून आधी बघून घ्या. आम्ही क्रांजी जलाशयाच्या कार पार्कपाशी उतरलो आणि चालत गेलो. आत जायला पैसे लागत नाहीत. पाणी आणि टोपी न्यावी. खायला आत फारसं काही मिळत नाही. मी तिखटमिठाच्या पुऱ्या घेतल्या होत्या. अविनाशने त्याची लांब काळी छत्री घेतली होती, ती तो कुठेही नेतो.

आज लोक इथे पक्षी बघायला येतात. पूर्वी इथे कोळंबीची तळी होती. खारफुटी तोडून, चिखलाचे बांध घालून समुद्राकाठी तळी केलेली, आणि प्रत्येक तळ्याला समुद्राकडे उघडणारं एक दार, म्हणजे स्लुइस गेट. भरती आली की दार उघडायचं. पाण्याबरोबर डोळ्यांना न दिसणारी कोळंबीची पिल्लं आत यायची. दार बंद. आतल्या आत ती वाढायची. मग ओहोटीच्या वेळी दारात जाळं लावून दार पुन्हा उघडायचं, की तळं आपोआप रिकामं होई आणि कोळंबी जाळ्यात येई. पंप नाही, वीज नाही, चाकसुद्धा नाही. सगळं काम समुद्राचं, माणसाने दार तेवढं सांभाळायचं.

"इंजिनच आहे हे," अविनाश म्हणाला. "दिवसातून दोन स्ट्रोक."

ती दारं आजही काही ठिकाणी वापरात आहेत. तळ्यातलं पाणी कमी-जास्त करायचं, म्हणजे पक्ष्यांना उभं राहायला चिखल मिळतो. आम्ही पोचलो तेव्हा ओहोटी लागली होती. दाराखालून पाणी तपकिरी, जाड पट्ट्यासारखं बाहेर पडत होतं. पलीकडे सामुद्रधुनी आणि तिच्या पलीकडे जोहोर बारूच्या इमारती. एक घोरपड बांधावरून सावकाश गेली.

अविनाशने छत्रीचं टोक लोखंडी कठड्यावर टेकवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली. इंजिनरूममध्ये तो असाच ऐकतो, लांब स्क्रू ड्रायव्हरने. टोक बेअरिंगवर, मूठ कानामागे. तीस वर्षांची सवय. तो उजव्या कानाने ऐकतो हे मला माहीत होतं. त्या दिवशी त्याने उजव्याला लावलं, थोडा थांबला आणि छत्री डाव्या बाजूला नेली.

"येतंय ऐकू?" मी विचारलं.

"छान. खालून घुमतंय."

तेवढ्यात पक्ष्यांचा एक थवा आमच्या डोक्यावरून गेला. एका पाठोपाठ एक, बारीक उंच शिट्ट्या. बांधावर सात-आठ माणसं असतील. सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या, दुर्बिणी वर झाल्या. एक छोटी मुलगी आईच्या कडेवरून बोट दाखवू लागली. अविनाश खाली पाण्याकडे बघत होता. थवा उतरला आणि त्याची सावली चिखलावरून सरकली, तेव्हा त्याने वर पाहिलं.

"अरे, आले की," तो म्हणाला. "आवाज न करता आले."

मी पुऱ्यांचा डबा उघडला.

रविवारी पुलाऊ उबिन. आमच्या एमआरटीने थेट तनाह मेरा, तिथून २ नंबरच्या बसने चांगी व्हिलेज. तिथल्या खाण्याच्या गाळ्यांत, हॉकर सेंटरमध्ये, नासी लेमाक म्हणजे नारळाच्या दुधातला भात खाऊन घ्यावा, बेटावर पर्याय थोडे आहेत. धक्क्यावर बारा माणसं जमली की लाकडी होडी सुटते. तिकीट चार डॉलर, तेही रोख. दहा मिनिटांत बेटावर. उतरल्या उतरल्या भाड्याच्या सायकलींची रांग लागते. ब्रेक स्वतः दाबून बघितल्याशिवाय घेऊ नये.

उबिनवरची कोळंबीची तळी कुणी सांभाळत नाही. बांध फुटलेत, खारफुटी परत आत आली आहे, काही दारांचे नुसते खांब उरलेत. मला तीच बघायची होती. अविनाश पुढे, मी मागे. एका वळणावर पायवाट डावीकडे जाते, ती मला दिसली, तो सरळ निघाला होता. मी घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. मग हाक मारली. शेवटी जोरात पायडल मारून त्याला गाठलं आणि पुढे जाऊन थांबले.

"घंटी द्यायची ना," तो म्हणाला.

"दिली."

तो सायकल वळवून माझ्या मागे आला.

पायवाटेच्या तोंडाशी पत्र्याच्या छपराखाली एक म्हातारे चिनी गृहस्थ शहाळी विकत होते. इथे वयाने मोठ्या कुठल्याही माणसाला अंकल म्हणतात, आम्हीही म्हटलं. तळी कुठे आहेत विचारल्यावर त्यांनी शहाळं कापता कापता आमच्याकडे नीट पाहिलं. तिथे बघायला काय आहे, डास आहेत, असं म्हणाले. अविनाशने सांगितलं की त्याला दार बघायचंय, तो इंजिनिअर आहे. अंकल हसले. इंजिनिअरला चिखल बघायला सुट्टी मिळते का, असं त्यांनी मला विचारलं. मग म्हणाले की तरुणपणी बारा वर्षं ते आणि त्यांचा मोठा भाऊ याच तळ्याचं दार चालवत होते. दुकान तसंच उघडं टाकून ते आमच्याबरोबर आले.

दाराचे दोन सिमेंटचे खांब शिल्लक होते. खांबांना उभ्या खाचा. अंकलनी दाखवलं: या खाचांत फळ्या, एकावर एक. दार म्हणजे या फळ्याच. ओहोटीला एक माणूस खाली कमरेएवढ्या पाण्यात जाळं बांधायचा, दुसरा वर उभा राहून फळ्या उचलायचा. जाळं नीट बसलं की खालचा सांगणार, वरचा उचलणार. जाळं सुटलं तर वरच्याने तिथल्या तिथे फळी सोडायची, नाहीतर महिन्याचा माल समुद्रात आणि कदाचित खालचा माणूसही.

"पण खालून हाक ऐकू कशी येत असेल?" मी विचारलं. "इतकं पाणी पडताना."

त्यांचं इंग्लिश तुटक होतं. जमेल तसं मराठीत लिहिते.

"ऐकू येत नाहीच," अंकल म्हणाले. "गेटपाशी एव्हरीबडी डेफ, लाह. म्हणून दोरी." त्यांनी स्वतःचं मनगट धरून दाखवलं. दोरीचं एक टोक खालच्याच्या मनगटाला, दुसरं वरच्याच्या. एक हिसका म्हणजे उचल. दोन म्हणजे सोड.

अविनाशने विचारलं की नवीन माणूस आला की त्याला हे शिकवायला किती दिवस लागत. माझ्या लक्षात आलं, तो अंकलच्या ओठांकडे बघत होता.

"शिकवायचं काय त्यात," अंकल म्हणाले. "पहिल्या दिवशी माझा भाऊ एकच विचारायचा. वर उभा राहून तुला माझी हाक ऐकू येईल का? जो म्हणाला नाही, त्याला दोरी द्यायची. जो म्हणाला येईल, त्याला घरी पाठवायचा."

"त्याला खरंच येत असेल तर?" अविनाशने विचारलं.

"तुझं इंजिन चालू असताना तुला येतं?"

अविनाश हसला, पण नुसतं तोंडाने. मग खाली वाकून त्याने खाचेत हात घातला. आत शेवाळ होतं, आणि कडा मधोमध झिजून गुळगुळीत झाली होती. तो बराच वेळ त्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. छत्री बांधावर आडवी पडली होती. ती त्याने लावून पाहिली नाही. तिथे आता पाणी मोकळंच येतं-जातं, घुमण्यासारखं काही नाही.

परत येताना अंकल त्याला म्हणाले, "यू वॉक ऑन माय राइट. तिकडून तुला बरं ऐकू येतं." आम्ही त्यांना काही सांगितलं नव्हतं. अविनाश त्यांच्या उजव्या बाजूला गेला. दुकानापर्यंत ते दोघं बोलत चालले होते. मी चार पावलं मागे होते.

परतीच्या होडीत इंजिनच्या आवाजामुळे कुणीच कुणाशी बोलत नव्हतं. अविनाश मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवून, अंकलनी दाखवलं तसं मनगट धरून बसला होता. चांगीच्या धक्क्यावर उतरल्यावर त्याने ते पुन्हा लावलं.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी: दोन्ही ठिकाणी जाण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा. भरतीला गेलात तर नुसतं पाणी दिसेल. ओहोटी लागल्यानंतरच्या तास-दोन तासांत दार म्हणजे काय ते कळतं. पक्षी हवे असतील तर सप्टेंबर ते मार्च. उबिनच्या जुन्या तळ्यांना पाट्या नाहीत. बांध ठिसूळ आहेत, त्यांवर चढू नका, आणि शक्यतो विचारून जा. आम्हाला अंकल भेटले नसते तर मी दोन सिमेंटच्या खांबांचे फोटो काढून परत आले असते.

सोमवारी अविनाश दुपारी दोनला घरी आला. पांढरा शर्ट बदलला आणि टेबलावर एक कागद ठेवला. त्यावर दोन रेघा होत्या, एक उजव्या कानाची, एक डाव्या. दोन्ही अर्ध्यापर्यंत सरळ जात होत्या आणि मग खाली उतरत होत्या. उजवी जास्त. डॉक्टरांनी रिपोर्ट ऑफिसला पाठवला होता. पुढे काय, ते ऑफिस ठरवणार. कदाचित जहाजावर जाणं बंद होईल आणि टेबलाचं काम मिळेल, कदाचित तेही नाही. दोन आठवडे लागतील. हे लिहिताना त्यातले नऊ दिवस झालेत.

"फ्रेम?" मी विचारलं.

"होती."

थोड्या वेळाने तो म्हणाला, "मी त्यांना म्हटलं, खुर्ची फिरवून बसू का? त्या म्हणाल्या, कशीही बसा."

मी त्या कागदाकडे बघत राहिले. दोन वर्षांपूर्वीचा कागद आमच्या फायलीत आहे. त्यावरच्या रेघा शेवटपर्यंत सरळ आहेत. तेव्हा जेवताना हसणाऱ्यांत मी होते.

सहाच्या सुमाराला रेवा आली. चप्पल काढता काढताच तिने दारातून काहीतरी सांगायला सुरुवात केली, प्रोजेक्टचं, कुणीतरी वेळेवर काम दिलं नाही त्याचं. अविनाश सोफ्यावर होता. दर वेळी म्हणतो तसं तो हो हो म्हणेल असं मला वाटलं.

तो म्हणाला, "रेवा, समोर येऊन बोल. मला तिथून ऐकू येत नाही."

रेवा थांबली. तिने माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. बॅग खाली ठेवली आणि त्याच्या डाव्या बाजूला येऊन बसली.

"कुठून सांगू?" ती म्हणाली.

"पहिल्यापासून."