कागदात गुंडाळलेल्या बशा

जपानमधल्या ओजिमाच्या आमच्या इमारतीतल्या चार मराठी बायका बुधवारी दुपारी माझ्या घरी जमायच्या. मुलं शाळेत, नवरे ऑफिसात, आणि आम्ही चहा घेऊन खुनांच्या डॉक्युमेंटरी बघत बसायचो. खुनी कोण ते मी अर्ध्या तासात सांगायचे आणि बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. या हुशारीचा मला माज होता.

प्रत्येक फिल्ममध्ये एखादी शेजारीण कॅमेऱ्यासमोर म्हणायचीच, "शांत कुटुंब होतं. कधी काही जाणवलं नाही." आम्ही खो खो हसायचो. "आंधळी मेली," मी म्हणायचे.

आमच्यातली सगळ्यात लहान माझ्या वरच्याच मजल्यावर राहायची. नाशिकची, लग्नानंतर नवऱ्यामागे इथे आलेली. कचरा वेगळा करायला तिला मीच शिकवलं. फुटक्या कपबशा न जळणाऱ्या कचऱ्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर लाल पेनाने सूचना लिहून. पंधरा दिवसांनी तो कचरा उचलतात, आणि तिचं पुडकं दर खेपेला असायचंच. "हाताला भोकं पडलीत का गं तुझ्या?" मी चिडवायचे. ती हसायची. पट्टी नीट लावलीय ना, एवढंच मी बघायचे.

एका बुधवारची फिल्म परदेशातून कामाला आलेल्या एका सावळ्या बाईची होती. तिची तक्रार कुणी ऐकूनच घेतली नव्हती. आम्ही तावातावाने बोलत होतो: सरकार, आपला रंग, नवऱ्याच्या नोकरीला टांगलेला आपला व्हिसा. मध्येच माझ्या वरच्या मजल्यावरचीने विचारलं, "ताई, बायकोनेच नवऱ्याची तक्रार केली, तर तिचा व्हिसा राहतो का हो?"

"अगं, पुढे बघ, सांगतील," म्हणत मी टीव्हीचा आवाज वाढवला. फिल्ममध्ये काही ते सांगितलं नाही.

महिन्याभरात तिला ॲम्ब्युलन्समधून नेलं. बाथरूममध्ये पाय घसरला, असं नवरा म्हणाला. दुसऱ्या दिवशी एक पोलीसबाई माझ्या दारात आली. वरून कधी आरडाओरडा, आदळआपट ऐकू आली का? आपण परके, ह्यांची नोकरी, नसती भानगड कशाला, असं सगळं डोक्यात येऊन गेलं आणि मी जपानीत म्हणाले, "शांत कुटुंब आहे. कधी काही जाणवलं नाही." तिने लिहून घेतलं, वाकून आभार मानले. दार लावल्यावर मला माझीच किळस आली. पण मी तिच्यामागे गेले नाही.

आठवड्याने वरची हॉस्पिटलातून परत आली, त्याच घरी. बुधवारी मात्र आली नाही. पुढच्या कचऱ्याच्या दिवशी खाली पुडकं होतं, पट्टी वेडीवाकडी लावलेली. मी तशीच वर जाऊन बेल वाजवली. तिने साखळी न काढता दार उघडलं. उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

"चल माझ्याबरोबर," मी म्हणाले. "पोलिसांना मी सांगते."

"ते हॉस्पिटलात आले होते, ताई. मी सांगणारच होते. पण ते म्हणाले, खालच्या बाईंना विचारलं, त्यांना कधी काही जाणवलं नाही. मग मीही म्हटलं, पाय घसरला."