कुलूप बसायला लागणारा वेळ

बेलीफच्या फोनमध्ये त्याचा नंबर 'गोगलगाय' या नावाने होता, आणि त्याला ते ठाऊकही होतं. उभा जन्म कुलपांत काढलेल्या कारागिराला लोक गोगलगाय म्हणायला लागले, म्हणजे एक तर त्याचे हात गेले असावेत, नाहीतर लोकांचे डोळे. त्याचे हात शाबूत होते. गुडघे मात्र गेले होते, कंबर त्याच वाटेवर होती, आणि दारांचा त्याला इतका वीट आला होता की स्वतःच्या घराचं दारही तो बायकोकडून उघडून घ्यायचा.

तरुणपणी तो कुलपं उघडायला जायचा. किल्ली हरवलेली, दार वाऱ्याने लागलेलं, आत गॅसवर दूध. अशी माणसं जिन्यात त्याची वाट बघत उभी असायची आणि तो दिसला की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. आता ती कामं तरुण पोरं पळवतात. याच्या वाट्याला राहिलं ते पोरांना नको असलेलं काम. कोर्टाचा हुकूम घेऊन बेलीफ येतो, भाडं थकलेल्या माणसाचं सामान बाहेर निघतं, आणि याने जुनं कुलूप काढून नवं बसवायचं. वर रडणं ऐकायचं, शिव्या खायच्या. पोट कुणाला चुकलंय?

मग ती योजना आली. भाडं थकलेल्यांची घरं वाचवायला सरकारने गावोगावी पैसे पाठवले. वाचनालयाच्या तळघरात दोन टेबलं टाकून केंद्र उघडलं. तिथली मुलगी थकलेलं भाडं थेट मालकाच्या खात्यात भरायची आणि मालक हुकूम मागे घ्यायचा. योजना चांगली होती, याबद्दल दुमत नको. पण सरकारी काम आणि सहा महिने थांब. मंजुरी येईपर्यंत बेलीफ जिन्यात पोचलेला असायचा. आणि नियम असा, की नवं कुलूप बसलं की घर मालकाच्या ताब्यात गेलं, आणि गेलेल्या घराला मदत नाही. ज्याने हा नियम लिहिला त्याच्या घराला कुणी बाहेरून कुलूप लावलेलं नसावं.

पहिल्यांदा खरंच अडलं होतं. स्क्रू गंजलेले होते, निघता निघेनात. दुपार कलायला लागली तेव्हा ती केंद्रवाली मुलगी धापा टाकत जिना चढून आली, हातात मंजुरीचा कागद. घर वाचलं. याला नुसते येण्याजाण्याचे पैसे मिळाले. घरी जाताना मात्र त्याच्या मनात काहीतरी हललं.

त्यानंतर त्याच्या हातून वस्तू पडायला लागल्या. स्क्रू जिन्यावरून घरंगळत खाली जायचा आणि तो गुडघा धरून एकेक पायरी उतरायचा. ड्रिलचं बिट विसरायचं. कानस बोथट निघायची. केंद्रवालीला त्याचा नंबर पाठ झाला होता. "काका, सही व्हायचीय, जरा," एवढंच ती म्हणायची, आणि ते जरा दोन-दोन तास चालायचं. काही घरं वाचली, काही नाही वाचली. वाचलेल्या प्रत्येक घराबरोबर याची मजुरी बुडायची.

"लष्कराच्या भाकऱ्या भाजा तुम्ही," बायको म्हणायची. "आपलं भाडं कोण भरणार? ती पोरगी?"

तिचं बरोबर होतं.

बेलीफही काही दुधखुळा नव्हता. एकदा पायरीवर बसून वर्तमानपत्र उलगडता उलगडता म्हणाला, "गोगलगाय नि पोटात पाय, का हो?" आणि उत्तराची वाट न बघता त्याने कोडं सोडवायला घेतलं.

आजचं दार त्याच्या ओळखीचं होतं. तिसऱ्या मजल्यावरची शिवणकामवाली. शाळेचे गणवेश शिवायची; शाळेने तयार कपडे मागवायला सुरुवात केली आणि हिचं भाडं थकलं. मागच्या वर्षी याच दारात त्याने सबंध दुपार घालवली होती, शेवटी मंजुरी आली आणि ती वाचली. आज परत तोच हुकूम.

तिने दार उघडलं आणि ती चक्क हसली. "तुम्हीच का? मग माझे दोन फ्रॉक होतील शिवून." आत जाऊन तिने मशीन सुरूही केलं. केंद्रात तिचा अर्ज गेला होता. आपली लेक शाळेतून यायच्या आत सगळं मिटेल असं ती धरून चालली होती. "काका, वाईट नका वाटून घेऊ," ती आतून म्हणाली, "पण तुम्ही धंदा चुकलात. दुसरा असता तर मागच्याच वर्षी मी रस्त्यावर असते."

बेलीफ खोकला. याने पहिला स्क्रू अर्धा काढला, परत बसवला, चष्मा पुसला. बरंच असं चाललं. मग फोन वाजला. तो एक मजला खाली उतरला.

"काका," केंद्रवाली म्हणाली, "थांबू नका."

"सही झाली?"

"पैसेच नाही आले. या वर्षीचे येणारच नाहीत म्हणे. वरून पत्र आलंय, योजनेचा फेरविचार चाललाय. आम्हाला उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं." "त्यांना मी कसं सांगू, काका? मला नाही जमायचं."

"राहू दे पोरी. सांगतो मी."

तो भिंतीला टेकून उभा राहिला. संध्याकाळपर्यंत सहज रेटता आलं असतं. पण उद्या मालकाने दुसरा कुणी आणला असता, त्याने दार फोडलं असतं आणि मोडलेल्या दाराचा भुर्दंडही हिच्याच माथी आला असता. आणि आज रेंगाळत बसलो तर मुलगी दप्तर घेऊन जिना चढत असताना त्यांची भांडी खाली येत असतील. त्याला स्वतःची लाज वाटत होती. कशाची ते त्याला नीट सांगता आलं नसतं. इतकी वर्षं तो ज्या पैशांच्या वाटेवर डोळे लावून स्क्रू पाडत होता, ते पैसे कुणीतरी दूर खुर्चीत बसून एका पत्राने बंद केले होते.

तो वर आला. "ताई, मशीन थांबवा. सामान काढायला घ्या."

"आत्ताशी तर दुपार आहे."

"मंजुरी येणार नाही. पैसेच संपले सरकारचे. लेक यायच्या आत आवरू या."

ती मशीनवर तशीच बसून राहिली. मग तिने फ्रॉकचा दोरा तोडला, सुई कापडात टोचून ठेवली आणि उठली. रडली नाही. खालच्या मजल्यावरच्या बहिणीसारख्या शेजारणीने गाद्या ठेवून घेतल्या. बेलीफने कोट काढून ठेवून मशीनचं एक टोक धरलं आणि याने दुसरं. दोघांनी ते वळणावर तीनदा टेकवत खाली नेलं.

मग तो दारापाशी बसला. चारही स्क्रू काढले, जुनं कुलूप उतरवलं, नवं बसवलं, दोनदा किल्ली फिरवून पाहिली. काही पडलं नाही, काही विसरलं नाही. बेलीफने पायरीवर बसून वर्तमानपत्र उघडलं होतं, ते त्याला मिटून परत खिशात घालावं लागलं.

शिवणकामवाली जिन्यात शेवटचं बोचकं काखेत धरून उभी होती. ती कुलपाकडे बघत राहिली आणि मग त्याच्या हातांकडे.

"झालं?"

"झालं."

"एवढाच वेळ लागतो?"

तो हत्यारं पिशवीत भरत होता.

"मग मागच्या वेळी..." ती म्हणाली आणि थांबली.

"मागच्या वेळी वाट बघण्यासारखं काहीतरी होतं, ताई."