गोदाने राखून ठेवलेला धवला

दिवा गावाजवळ, खाडीकाठच्या एका आगरी वस्तीत गोदा धवलारीण होती. लग्नातल्या प्रत्येक विधीला एक गाणं, म्हणजे धवला. आणि तिचा धवला झाल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळदसुद्धा लागत नसे.

तिच्या शेजारची आवडा लग्न होऊन त्या गावात आली होती. तिचा नवरा मिठागरात कामाला होता. एकोणपन्नास साली तो पटकीने गेला. त्यानंतर गावात कुणाचंही लग्न असलं की आवडा परसात भांडी घासायला बसायची. विधवेला मांडवात जागा नव्हती. धवलारणीला मात्र होती, ती विधवा असली तरी. गोदाही विधवाच होती.

एका लग्नात गोदाने आवडाच्या हातातली परात ओढून घेतली. "जल्लं तुझं घासणं! चल, माझ्या मागं बस. मी म्हणते तसं म्हण."

घरात लग्न नसताना धवला म्हणणं अशुभ समजत. म्हणून शिकवणी मिठागराच्या बांधावर चाले. आवडा चुकली की गोदा मिठाचा खडा फेकून मारी.

"पोरीला सासरी धाडतेस का मसणात? आवाज वर काढ गो!"

आवडाला रडू येई.

"रडाचं नवरीच्या आईनं. तू रडलीस तर म्हणंल कोण?"

काही वर्षांत आवडाला सगळं आलं. पाठवणीचा धवला तेवढा राहिला. तो सगळ्यांपुढे म्हणायचा नसतो. धवलारीण नवरीला पदराखाली घेते आणि तिच्या कानात म्हणते. गावात तो एकीलाच येत असावा, अशी रीत. दुसरीला दिला की पहिलीने मांडव सोडायचा.

"काकी, तो कवा देशील?"

"मना माराची घाई झाली का गो?" गोदा हसली. मग खाडीकडे बघत म्हणाली, "दिला की मी पण परसात. थांब जरा."

आवडा थांबली. त्या परसाची तिला माहिती होती.

पुढे एका सकाळी गोदा चुलीपुढे कलंडली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. आवडा रोज उशाशी बसे. गोदा तोंड उघडी. नुसता सूर निघे, त्याला शब्द फुटत नसत. आवडा आपल्या मनाने शब्द सुचवून बघे. "उंबरा? आई? वाट?" गोदाची मान हलायची, नाही. मग ती भिंतीकडे तोंड फिरवी. पावसाळ्याच्या तोंडी ती गेली.

आवडा गावातून सासरी गेलेल्या लेकींकडे जाऊन आली. खडवलीला एकीकडे, आंबिवलीला दुसरीकडे. प्रत्येकीच्या कानात तो धवला एकदा पडला होता.

"मी रडत होते गो, काय आठवणार?" एक म्हणाली. "काकीच्या तोंडाला मिश्रीचा वास होता," एवढंच दुसरीला सांगता आलं.

माघात गावातल्या रंगूबाईच्या मुलीचं, शीलाचं लग्न निघालं. रंगूबाईने दारातूनच विचारलं, "पाठवणीचा येतो ना? अर्धी धवलारीण मना नको. मंग कल्याणचा भटजी आणते, तोच लगीन लावंल, तू बस भांड्यांना."

"येतो," आवडा म्हणाली.

पाठवणीला तिने शीलाला पदराखाली घेतलं. बाहेर बाया गप्प झाल्या. पदराच्या आत अंधार, दोघींचा श्वास.

"काकी, म्हण ना," शीला कुजबुजली.

"मना येत नाय गो. मना मिळालाच नाय."

शीलाने आवडाच्या कमरेला मिठी मारली. "मंग अशीच धर मना. थोडा वेळ."

पदर दूर झाला तेव्हा दोघींचे डोळे भरलेले होते. रंगूबाईने विचारलं, "झाला?"

"झाला," शीलाच म्हणाली. "लय गोड हाय."

त्यानंतर गावातल्या प्रत्येक लग्नात आवडा मांडवात उभी राहिली. तिच्या पदराखालून किती मुली सासरी गेल्या. आत गाणं नसतं, हे त्यांच्यातल्या एकीनेही कधी बाहेर सांगितलं नाही.