नेट गेलं

हे मी कुणापाशीच बोललो नाही. बायकोपाशीसुद्धा नाही — आणि ती जाऊनही आता चार वर्षं झाली.

मास्तरकीतून निवृत्त झाल्यावर मुलाने मोबाइलवर पेपर वाचायला शिकवलं. नागपूरचा मोठा पेपर आमच्या सालेकशाकडच्या गावात दुपारी यायचा; मोबाइलवर मला तो सकाळी सातलाच मिळे. त्याचा केवढा तोरा होता मला! शेजारच्या तुकारामभाऊंची नजर गेली होती. ते टपरीवर कुणाकडून तरी पेपर वाचून घेत. मीच म्हटलं, तिथे कशाला जाता, मी वाचतो.

"काय जी गुरुजी, हा कसला पेपर? ना शाईचा वास, ना पोह्याची पुडी बांधता येत!" असं म्हणत ते रोज माझ्या ओसरीवर येऊन बसत. ऐकायचं मात्र एकच असे — त्यांच्या मुलाची, रमेशची काही खबर. भांडून घर सोडून गेला होता. मागे बायको, सुनीता.

एका सकाळी मी मोठ्याने वाचत होतो — "रुळांवर अनोळखी इसमाचा..." आणि पुढची ओळ डोळ्यांनी आधी वाचली. डाव्या मनगटावर गोंदलेला विंचू. उजव्या पायाला सहा बोटं. ओळख पटल्यास रेल्वे पोलिसांना कळवावे.

ती सहा बोटं मी त्याच्या लहानपणापासून पाहिलेली.

"काऊन थांबले जी?"

"नेट गेलं," मी म्हणालो. बोटाने पान सरकवलं आणि धानाचे भाव वाचले.

का? त्यांच्या तोंडाकडे पाहायची हिंमत नव्हती — एवढंच. उद्या सांगू म्हटलं. उद्या नवा अंक आला. तिकडे त्याला बेवारस म्हणून कुणी अग्नी दिला असेल — की पुरला? मी विचारायलाही गेलो नाही. तुकारामभाऊ वाट पाहतच गेले.

पुढे सुनीताचा भाऊ तिच्यासाठी स्थळ घेऊन आला. बायको वारलेला, भला माणूस. ती माझ्या ओसरीवर आली.

"गुरुजी, तुमी रोज सारा पेपर वाचता. त्यायचं काई बरंवाईट झालं असतं, त तुमाले दिसलं असतं ना जी?"

मी तिच्याकडे पाहिलं. तेव्हा बत्तीस वर्षांची होती ती.

"दिसलं असतं," मी म्हणालो.

"मंग जिते हायेत," ती म्हणाली. घरी गेली, आणि भावाला दुपारच्या गाडीने परत पाठवलं.