केळीच्या चिकाचा डाग

जळगावात एक जुना, नावाजलेला सिनेमा पुन्हा लागला, म्हणून मुक्ताईनगरहून आलेल्या आत्याला घेऊन गेलो. नायक-नायिका केळीच्या बागेत शिरतात, गाणं म्हणतात आणि पांढऱ्याशुभ्र कपड्यांत बाहेर येतात. आजूबाजूचे जाणकार माना डोलावत होते; माझं डोकं तापलं. आम्ही पिढ्यानपिढ्या केळी लावणारी माणसं. केळीचा चीक कपड्याला लागला, की कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. तरी सिनेमा कृष्णधवल होता, म्हणून सोडून दिलं.

घरी आलो, तर बायको सध्या सगळेच वाचताहेत ती कादंबरी वाचत होती. त्यातही नायिका रोज पांढरी साडी नेसून केळीच्या बागेत प्रियकराला भेटते आणि आईला वर्षभर पत्ता लागत नाही! मी पुस्तक आपटलं. "या लेखकानं फळवाल्याच्या गाडीवरच केळी पाहिलीत! आईनं पहिल्याच दिवशी डाग ओळखला असता!"

आत्या तांदूळ निवडत बसली होती. घरातल्या पोरींना आम्ही तिच्याच वळणाचे दाखले देतो. मान वर न करता ती म्हणाली, "पांढरं कायले नेसायचं? मी तं काळंच लुगडं नेसत होती. मायले शेवटपर्यंत नाही समजलं."