मतदानाला बाहेर बसलेले डॉक्टर रामटेके

डॉक्टर अश्वजीत रामटेके यांनी पहिल्या भेटीतच माझ्यावर झडप घातली. चक्कर येते म्हणून मी त्यांच्या खमरियाच्या फॅक्टरी-वसाहतीतल्या दवाखान्यात गेलो होतो. त्यांची गर्जना ऐकून चक्कर पळाली, क्वार्टरांवरचे कावळे उडाले आणि फॅक्टरीचा भोंगा झाला समजून अर्धी शिफ्ट घरी निघाली म्हणतात. कारण, माझ्या खिशातला पेन. त्यावर एका औषध कंपनीचं नाव होतं.

"हा काहून लावला?"

"लिहायला."

"कंपनी फुकट वाटून राहिली, ते काय पुण्य कमवायसाठी भैया?"

पेन जप्त झाला, रक्तात साखर निघाली आणि आमची मैत्री जमली.

दिवाळीत कंपनीचा माणूस मिठाई ठेवून गेला, तर डॉक्टर डबा घेऊन त्याच्या स्कूटरमागे पार शहरातल्या ओमतीपर्यंत जात. राज्यातल्या डॉक्टरांच्या एका संघटनेने मधुमेहाच्या उपचारांची मार्गदर्शिका करायला घेतली, तेव्हा समितीत त्यांना घेतलं. नव्या पेशंटला आधी कोणती गोळी द्यायची, यावरच भांडण होतं. वर्षानुवर्षं पारखलेली स्वस्त, की नुकतीच आलेली महाग? मार्गदर्शिकेत जी पहिली, तीच गावोगावचे डॉक्टर लिहिणार. शहपुऱ्यासारख्या लांबच्या गावाहून येणाऱ्या पेशंटला महागडी झेपणार नाही, म्हणून रामटेके जुनीवर अडून बसले. त्याच समितीत मी रुग्णांचा प्रतिनिधी होतो. बोलायचा हक्क होता, मताचा नव्हता. घरीही तसंच असल्याने जड गेलं नाही.

रामटेक्यांनी पहिल्याच बैठकीत नियम मंजूर करून घेतला: ज्याचा किंवा ज्याच्या घरच्यांचा कंपनीशी संबंध, त्याने तो सांगायचा आणि मतदानाच्या वेळी खोलीबाहेर जायचं. टाळ्या पडल्या.

मतदानाच्या दिवशी अध्यक्षांनी एकेकाला विचारलं. कंपनीच्या खर्चाने गोवा पाहून आलेले म्हणाले, "कुछ नहीं." कंपनीसाठी भाषणं देत फिरणारे म्हणाले, "कुछ नहीं."

"अन् गोवा?" मी हक्क बजावला.

"वो तो पढ़ाई का दौरा था," अध्यक्ष म्हणाले.

मग रामटेके उठले. "माझी पोरगी एकता नव्या गोळीवाल्या कंपनीत लागली. हिशेब विभागात."

"बैठिए डॉक्टर साब! आप तो उस गोली के खिलाफ हैं!"

"नियम माझाच आहे जी."

मी त्यांची बाही धरली. "डॉक्टर, तुम्ही गेले तर मत कमी पडते न!"

"सोडा. मी बसलो तर उद्या दुसऱ्याले ऊठ कोणत्या तोंडानं म्हणू?"

"ते तर आजही उठून नाही राहिले!"

"त्यांचं त्यांच्यापाशी. चलो, चहा सांगतो."

आणि सत्काराला निघाल्यासारखे, छाती काढून ते बाहेर गेले. काचेतून मला दिसत होते. बाकावर बसून चहा पीत होते, चेहरा असा की निकाल खिशातच आहे.

नवी गोळी एका मताने पहिली आली. मार्गदर्शिका आता तशीच चालू आहे.